आकाशातली फिरती पेटी



या जागेवर उभं राहताना मनावर थोडं दडपण आहे. इथून आजवर संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, गायकवाडी अमदानीवर जाणकार मंडळी बोलून गेली. मी त्यांच्यातला नाही. मी एका कारखान्याच्या विद्युत विभागात चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. कार्यवाह निमंत्रण घेऊन घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मला एकाच विषयावर बोलता येतं, आणि तो विषय काढला की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून जातात." ते म्हणाले, "मग तोच घ्या. आमची माणसं बसतील. शेवटी चहा आहे." तेव्हा चहापर्यंत आपण माझ्याबरोबर राहाल, या भरवशावर सुरुवात करतो.

विषय आहे हौशी रेडिओवाल्यांनी बांधलेले उपग्रह. उपग्रह म्हटलं की आपल्याला इस्रो आठवते, नासा आठवते, पांढरे डगले घातलेले शास्त्रज्ञ आठवतात. ते बरोबरच आहे. पण गेली साठाहून अधिक वर्षं पृथ्वीभोवती असेही उपग्रह फिरत आले आहेत, जे कुणाच्या तळघरात, कुणाच्या गॅरेजमध्ये, कुठल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, नोकरी आणि अभ्यास सांभाळून, संध्याकाळी आणि रविवारी तयार झाले. बांधणाऱ्या स्वयंसेवकांना त्याचे पैसे मिळाले नाहीत आणि वापरणाऱ्यांकडून कुणी पैसे मागितले नाहीत.

'अमॅच्युअर' या शब्दाला आपल्याकडे 'हौशी' हा फार चांगला शब्द आहे. हौशी नाटकमंडळी आपल्या बडोद्याला काही नवी नाहीत. दिवसा कचेरीत बसणारा माणूस रात्री तालमीला येतो आणि शहाजी होतो. पण या शब्दाला एक डागही लागलेला आहे. 'हौशी काम' म्हणजे कच्चं काम, जमलं तर केलं, नाही तर सोडून दिलं, असा समज आहे. माझं आजचं सगळं बोलणं या समजाच्या विरुद्ध आहे.

आधी हे हौशी रेडिओवाले कोण, ते सांगतो. जगभर त्यांना 'हॅम' म्हणतात. ज्याला स्वतःच्या घरून बिनतारी यंत्रावर बोलायचं आहे, त्याला सरकारची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. पास झालात की दूरसंचार खात्याकडून परवाना मिळतो आणि एक कॉल साइन मिळते. भारतातल्या बहुतेक कॉल साइन 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. त्यानंतर तुम्ही जगातल्या कुठल्याही परवानाधारकाशी बोलू शकता. अटी पुष्कळ आहेत, पण मुख्य दोन. या रेडिओवरून पैसा कमवायचा नाही आणि सांकेतिक भाषेत गुप्त निरोप पाठवायचे नाहीत. जे बोलाल ते उघड, आणि जे कराल ते फुकट.

मी या वाटेला लागलो तो एका वाईट दिवसामुळे. २६ जानेवारी २००१. तो भूकंप इथल्या कुणाला आठवत नाही? कच्छमध्ये टेलिफोन बंद पडले होते. आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याची बहीण भुजला होती. ती सुखरूप असल्याचा निरोप त्याला मिळाला तो तिथे जाऊन पोचलेल्या हॅम मंडळींकडून, हातोहात. कुठलाही पगार नसताना ही माणसं आपापली यंत्रं आणि मोटारीच्या बॅटऱ्या घेऊन तिथे गेली होती. मी त्या वेळी पन्नाशीत होतो. त्या वयात मोर्स शिकायला बसलो. आमच्या सौ. म्हणत, "रात्रभर स्वयंपाकघरात झुरळ फिरतंय असं वाटतं." पण परीक्षा पास झालो.

आता उपग्रहाकडे वळतो, पण तिथे जायला एक आपल्या घरचीच वाट आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं केलं, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या योजनेत फिरती वाचनालयंही होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात. एका गावाने वाचल्या की परत यायच्या आणि दुसऱ्या गावाला निघायच्या. पेटी आपल्या गावची नव्हे, पण आपल्या गावात आहे तोवर आपलीच. ती जपून वापरायची, कारण पुढचं गाव वाट बघत असतं. ही पेटी डोक्यात ठेवा. हौशी मंडळींचा उपग्रह म्हणजे तीच पेटी. फक्त ती दर दीड-दोन तासांनी पृथ्वीला फेरी घालते.

पहिली पेटी निघाली ती १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातून. त्याआधी १९५७ साली रशियाचा स्पुटनिक उडाला होता आणि त्याची 'बीप-बीप' जगभरच्या हॅम मंडळींनी आपापल्या घरी ऐकली होती. पुढे दोन वर्षांनी डॉन स्टोनर या हॅमने रेडिओवाल्यांच्या एका मासिकात, जवळजवळ थट्टेत विचारलं, की कुणाकडे एखादं जादा रॉकेट आहे का? थट्टा काहींनी मनावर घेतली. रॉकेट सोडताना त्याचा तोल साधायला काही वेळा नुसतं वजन ठेवावं लागतं. त्या निर्जीव वजनाच्या जागी आमचा डबा ठेवा, असं या मंडळींनी हवाई दलाला पटवलं. त्या डब्याचं नाव ऑस्कर-१.

वजन सुमारे साडेचार किलो. सौरपट्ट्या नाहीत, फक्त बॅटरी. ट्रान्समीटर १४० मिलिवॉटचा, म्हणजे देवघरातल्या छोट्या बल्बलाही पुरणार नाही एवढा. तो एकच शब्द मोर्समध्ये पुन्हा पुन्हा म्हणत होता. चार टिंबं, दोन टिंबं. 'हाय'. रेडिओवाल्यांच्या बोलीत ते हसणंही आहे आणि नमस्कारही. पण नुसता नमस्कार नव्हता. डब्यातलं तापमान बदललं की 'हाय' म्हणण्याचा वेग बदलत असे. म्हणजे घरी घड्याळ घेऊन बसलेला माणूस एका मिनिटात किती 'हाय' आले हे मोजून, आकाशात त्या डब्याला ऊन लागतंय की थंडी, हे सांगू शकत होता. तीन आठवड्यांत बॅटरी संपली आणि जानेवारीच्या शेवटी डबा वातावरणात जळून गेला. तेवढ्या काळात २८ देशांतल्या ५७० पेक्षा जास्त हॅमनी ऐकल्याची नोंद कळवली.

यात एक गंमत आहे. ज्या मोठ्या उपग्रहाच्या जोडीला हा डबा गेला, त्याचं जाहीर नाव डिस्कव्हरर-३६. तो खरा हेरगिरीचा कॅमेरा होता. ते गुपित अमेरिकेने उघड केलं १९९५ साली. एकाच रॉकेटवर दोन पाहुणे. एकाचं काम लपून बघण्याचं, दुसऱ्याचं काम सगळ्यांना ऐकू जाईल असा नमस्कार करण्याचं.

पुढे १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये 'ॲमसॅट' ही या मंडळींची संस्था स्थापन झाली. तिने सोडवलेला पहिला उपग्रह मेलबर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा होता. त्यांचा उपग्रह १९६७ सालीच तयार झाला होता, पण रॉकेटवर जागा मिळायला जानेवारी १९७० उजाडला. त्याच्या अँटेना कशाच्या होत्या माहीत आहे? सुताराच्या पोलादी मोजपट्टीच्या. गुंडाळली तरी सोडल्याबरोबर सरळ होते, एवढाच गुण हवा होता. मी स्वतः पहिली अँटेना केली तीही मोजपट्टी कापून, प्लास्टिकच्या नळीवर बसवून. मंगळबाजारातल्या दुकानदाराने विचारलं, "काका, दर महिन्याला मोजपट्टी कशी काय मोडते तुमची?"

आता आपल्या देशाच्या पेटीबद्दल. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ हे रॉकेट उडालं. मुख्य पाहुणा कार्टोसॅट-१, आणि बरोबर ४२.५ किलोचा 'हॅमसॅट'. हा उपग्रह इस्रोने बांधला, पण हौशी मंडळींसाठी. तिथल्या हॅम मंडळींचा त्यात मोठा हात होता. त्यात परत पाठवणारी यंत्रं, म्हणजे ट्रान्सपाँडर, दोन होती. एक भारतात तयार झालेलं, आणि दुसरं विल्यम लायेनार नावाच्या हॉलंडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने, जो स्वतः हॅम होता, त्याने बांधलेलं. एका विद्यार्थ्याच्या हातचं काम आपल्या सरकारी उपग्रहात बसलं आणि चाललं. आंतरराष्ट्रीय क्रमाने त्याचं नाव झालं व्हीओ-५२.

हा उपग्रह जमिनीपासून सुमारे सव्वासहाशे किलोमीटरवर होता. तो डोक्यावर आला की क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जायला त्याला दहा-बारा मिनिटं लागत. सकाळी दोन-तीन फेऱ्या, रात्री दोन-तीन फेऱ्या. तेवढ्या वेळात श्रीनगरचा माणूस कोलंबोच्या माणसाशी बोलू शकत होता, कारण दोघांनाही तो एकाच वेळी दिसत असे. तुम्ही ४३५ मेगाहर्ट्झवर बोलायचं, त्याने तुमचं बोलणं १४५ मेगाहर्ट्झवर खाली पाठवायचं. पण तो सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळत असतो. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी लागते आणि लांब जाताना उतरते, तसं त्याचं सगळं सूर सोडून सरकत जातं. एका हातात अँटेना धरून उपग्रहामागे फिरवायची, दुसऱ्या हाताने सूर लावत राहायचं, आणि मधेच बोलायचं. तानपुऱ्याची खुंटी पिळत पिळत गायचं, असा प्रकार आहे.

त्या उन्हाळ्यातल्या एका रात्री, साडेदहाच्या सुमारास, मी गच्चीवर होतो. सौ. शेजारी टॉर्च आणि वही घेऊन वेळ लिहीत होत्या. तीन-चार रात्री काहीच जमलं नव्हतं. त्या रात्री मी कॉल साइन उच्चारली आणि क्षणभराने कानाच्या यंत्रात माझाच आवाज मला ऐकू आला. जरासा घोगरा, जरासा उंच. तो आकाशात जाऊन आला होता. श्रोतेहो, मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. दोन मुलांची लग्नं झाली होती. पण माझे पाय थरथरत होते. आणि मग दुसरा आवाज आला, आपली कॉल साइन सांगणारा. मी नाव आणि गाव सांगितलं. पलीकडून थोडं थांबून आलं, "नमस्कार, नमस्कार! मी बेळगाव."

आता बडोद्याचा मराठी माणूस आणि बेळगावचा मराठी माणूस. दोघांच्याही गावांना मराठी बोलायला महाराष्ट्राची परवानगी लागली नाही. आम्ही दोघांनी सहाशे किलोमीटर उंचीवरून एकमेकांच्या पावसाची चौकशी केली. त्यानंतर नऊ वर्षं आमची भेट त्या पेटीतच होत राहिली. प्रत्यक्ष भेट एकदाच झाली, एका लग्नात. तेव्हा दोघांनाही काय बोलावं ते सुचेना.

या नऊ वर्षांत मी जी एक गोष्ट शिकलो, ती सांगण्यासाठी खरं तर मी आज उभा आहे. हा ट्रान्सपाँडर एका वेळी एकाचंच बोलणं पुढे पाठवत नाही. तो लहरींचा एक पट्टा उचलतो आणि सगळाच्या सगळा खाली पाठवतो. त्यात दहा माणसं शेजारी शेजारी बोलू शकतात. पण त्याची एकूण शक्ती ठरलेली असते, एखाद-दोन वॉट. ती सगळ्यांत वाटली जाते. कुणी एकाने मोठं यंत्र लावून जोरात हाक मारली, तर त्याचा आवाज मोठा येतो आणि बाकीच्या सगळ्यांचे आवाज बुडतात. अगदी पंगतीसारखं. वाढप्याच्या हातातलं पातेलं एकच. एकाने पानात डोंगर करून घेतला तर शेवटच्या पानाला रस्सा राहत नाही.

यावर कुणी शिपाई नेमलेला नाही. यावर उपाय एकच. आपला आवाज स्वतःला जेमतेम ऐकू येईल एवढीच शक्ती लावायची. नवीन माणूस जोरात बोलला तर जुने लोक रागावत नाहीत. "जरा हळू, मंडळी आहेत," असं सांगतात. मलाही पहिल्या महिन्यात तसं सांगितलं गेलं होतं. मला वाटायचं मोठा आवाज म्हणजे चांगलं यंत्र. मग कळलं की मोठा आवाज म्हणजे शेजाऱ्याचा घास.

या उपग्रहाचं आयुष्य दोन वर्षं धरलेलं होतं. तो नऊ वर्षं चालला. ११ जुलै २०१४ रोजी त्याची बॅटरी निकामी झाली आणि तो गप्प झाला. त्यानंतरचे काही दिवस मी रोज वेळेवर गच्चीवर जात होतो. आकाश तेच, वेळ तीच, अँटेना तीच. फक्त खरखर. खाली आलो की सौ. काही विचारत नसत, चहा ठेवत.

मंडळी, हौशी कामातलं हे दुःख लहान नाही. २३ मे १९८० रोजी ॲमसॅटचा एक मोठा उपग्रह फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान रॉकेटवर निघाला. जर्मनीचे कार्ल माइन्झर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं त्यावर राबले होते. तो फार उंच, लंबगोल कक्षेत जाणार होता, म्हणजे दहा मिनिटांच्या भेटीऐवजी तासन्‌तास बोलता आलं असतं. रॉकेटचं इंजिन बिघडलं. उपग्रह अटलांटिक महासागरात गेला. ज्याला पगार मिळतो त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जावंच लागतं. यांना कुणाची सक्ती नव्हती. घरी बसता आलं असतं. पण त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि १६ जून १९८३ रोजी दुसरा उपग्रह कक्षेत पोचवला. आता मला सांगा, हौशी म्हणजे 'जमलं तर केलं' असं कोण म्हणेल?

आपल्या मुलांचंही उदाहरण आहे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या, म्हणजे आपल्या जुन्या सीओईपीमधल्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बांधला. जेमतेम एक किलोचा, वीतभरही नाही असा एक ठोकळा. काम त्याचं हौशी रेडिओवाल्यांचे छोटे निरोप एका जागेहून घेऊन दुसऱ्या जागी पोचवण्याचं. तो सरळ राहावा म्हणून त्यात मोटारी नव्हत्या. लोहचुंबक बसवलं होतं, होकायंत्राच्या सुईसारखं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रानेच त्याला धरून ठेवावं. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने तो वर नेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पवईच्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा दहा किलोचा 'प्रथम' गेला. वातावरणाच्या वरच्या थरात इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजायला.

यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट तारखांत दडलेली आहे. 'प्रथम'चं काम सुरू झालं २००७ साली, 'स्वयम्'चं त्याच्या पाठोपाठ. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिली आकृती कागदावर काढली, ती मुलं उपग्रह उडाला तेव्हा नोकरीला लागून, काही लग्नं करून मोकळी झाली होती. मधल्या तुकडीने काम वाढवलं, शेवटच्या तुकडीने पूर्ण केलं. प्रत्येक तुकडीला माहीत होतं की आपण जे करतोय ते आपल्या हातून उडणार नाही. तरी वही नीट लिहून, जोडण्या नीट समजावून, पुढच्या मुलांच्या हाती देऊन ती गेली. तुम्ही-आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे जे करत आलो, मराठी शाळा, गणेशोत्सव, ही व्याख्यानमाला, ते याहून वेगळं काय आहे?

आणि आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी ती पेटी तुम्हाला डोक्यात ठेवायला सांगितली. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी ॲमसॅटचा ऑस्कर-७ हा उपग्रह कॅलिफोर्नियातून गेला. अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया इथल्या हौशी मंडळींनी मिळून केलेला. वजन साधारण २९ किलो, उंची जवळजवळ साडेचौदाशे किलोमीटर. साडेसहा वर्षं उत्तम चालला. १९८१ सालच्या मध्यावर त्याच्या बॅटरीत शॉर्ट सर्किट झालं. सौरपट्ट्यांतून येणारी सगळी वीज त्या बिघडलेल्या बॅटरीत मुरून जाऊ लागली आणि उपग्रह मेला. लोकांनी नोंदवहीत रेघ मारली. त्यानंतर एकवीस वर्षं तो नुसता फिरत होता.

२१ जून २००२ रोजी पॅट गोवेन या इंग्रज हॅमला त्या पट्ट्यात एक ओळखीची नसलेली मोर्सची खूण ऐकू आली. जुनी कागदपत्रं काढून ताडून पाहिलं. तो ऑस्कर-७ होता. झालं होतं असं की, बिघडलेल्या बॅटरीतला तो जोड बहुधा शेवटी तुटला. शॉर्ट सर्किट मोकळं झालं. आता बॅटरी नाहीच, पण सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली. तेव्हापासून तो असा जगतो. ऊन असलं की जागा, पृथ्वीच्या सावलीत गेला की झोप, पुन्हा उन्हात आला की जणू काही झालंच नाही असा कामाला सुरुवात. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली, आणि तेव्हाही त्याच्यावरून माणसं बोलत होती.

त्याच्यावर बोलताना पंगतीचा नियम आणखी कडक आहे. बॅटरीचा आधार नसल्यामुळे, कुणी जोरात बोललं की त्याची वीज खाली जाते आणि सगळ्यांचे आवाज डगमगतात, म्हाताऱ्या माणसाचा हात कापावा तसे. म्हणून जगभरचे लोक त्याच्याशी हळू बोलतात. या यंत्राच्या जिवंत राहण्यात दैवाचा भाग मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण त्यावर आजही काम होतं याचं श्रेय दैवाचं नाही. ते १९७४ साली ज्यांनी एकेक जोड नीट सोल्डर केला त्यांचं आहे, ज्यांनी कागदपत्रं जपून ठेवली त्यांचं आहे, आणि जे आज हळू बोलतात त्यांचं आहे. बांधणाऱ्यांपैकी कित्येक जण आता नाहीत. त्यांची पेटी अजून गावोगाव फिरते आहे.

आता थोडं आजचं बोलतो. पूर्वी रॉकेटवर उरलेली जागा या मंडळींना फुकट मिळत असे. आता जगात बहुतेक ठिकाणी ती जागा विकली जाते. आकाशात व्यापारी उपग्रहांची गर्दी झाली आहे. लहरींचे पट्टे मौल्यवान झाले आहेत, आणि जो पट्टा वापरात दिसत नाही, त्यावर इतरांची नजर असते. तेव्हा हे पट्टे टिकवायचे तर त्यांवर बोलणारी माणसं हवीत. आणि आमच्याकडे माणसं कमी होत चालली आहेत. हॅम मंडळींत कुणी वारलं तर 'सायलेंट की' झाला असं म्हणतात. मोर्सची चावी शांत झाली. बेळगावचे माझे स्नेही तीन वर्षांपूर्वी तसे शांत झाले. त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबांच्या खोलीत खूप वायरी आणि डबे आहेत. भंगारवाला सातशे रुपये देतो म्हणतोय. देऊन टाकू का?" मी म्हटलं, "बाळा, थांब." मी गाडीने गेलो आणि ते सगळं घेऊन आलो. त्यात त्यांची वही होती. २००५ च्या उन्हाळ्यातल्या एका पानावर माझी कॉल साइन, वेळ, आणि पुढे दोन शब्द होते. "बडोदे. मराठी."

म्हणून आज मी रिकाम्या हाताने आलेलो नाही. माझ्याजवळ आता दोन माणसांचं सामान आहे, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माझी मुलं परदेशात आणि पुण्यात आहेत. त्यांना हे नको आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कार्यवाहांशी माझं बोलणं झालं आहे. सभेच्या वाचनालयात एक लाकडी पेटी ठेवू. तिच्यात मोजपट्टीची एक अँटेना, माझा एक जुना रिसीव्हर, एक होकायंत्र आणि उपग्रहांच्या वेळा लिहिलेली एक वही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी इथल्या गच्चीवर येईन आणि जे मूल येईल त्याला ऑस्कर-७ ऐकवीन. ऊन असेल तर तो बोलेल. जे मूल परवान्याची परीक्षा पास होईल, त्याला बोलण्याचं यंत्रही मिळेल, आधी बेळगावचं, मग माझं. अट एकच. वापरून झालं की पेटी पुढच्याला द्यायची, आणि बोलताना हळू बोलायचं.

गच्चीवर अँटेना लावू द्याल ना, एवढंच अध्यक्षांना विचारतो. आमच्या राहत्या इमारतीने तीन वेळा काढायला लावली होती, म्हणून आधी विचारलेलं बरं.

 चहा तयार आहे असं दिसतं. नमस्कार.